ज्वारीच्या मुळांवरचा चोर

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठीत बांडगूळ म्हणतात. ही उपमा ज्याने प्रथम योजली त्याला वनस्पतिशास्त्र अवगत नसेल. परंतु त्याचे निरीक्षण अचूक होते. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आपली मुळे जमिनीत न धाडता फांदीच्या सालीखाली धाडते आणि झाडाने कष्टाने वर चढविलेले पाणी परस्पर उचलते. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरणारी अमरवेल त्याहूनही धीट. तिला धड पान नाही, वाढीस लागल्यावर जमिनीत मूळही नाही. पाणी आणि अन्न दोन्ही ती परक्याच्या घरातून घेते. जगातील फुलझाडांपैकी सुमारे शेकडा एक, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास जाती, थोड्याफार प्रमाणात असे परोपजीवी जीवन जगतात. हा मार्ग वनस्पतिसृष्टीला एकदाच नव्हे, तर सुमारे बारा वेळा स्वतंत्रपणे सापडला, असे त्यांच्या वंशावळीवरून दिसते.

बांडगूळ आणि अमरवेल निदान डोळ्यांना दिसतात. शेतकऱ्याचा खरा घात करणारा चोर जमिनीखाली काम करतो. निपाणीच्या बाजूस तंबाखूच्या मुळांवर वाढणारा बंबाखू हा त्यांपैकी एक, आणि ज्वारीच्या मुळांवर वाढणारा टारफुला हा दुसरा. टारफुला हे वीतभर उंचीचे, हिरव्या पानांचे आणि लहान फुलांचे साधे दिसणारे तण आहे. पाने हिरवी असल्यामुळे ते थोडेफार अन्न स्वतः तयार करते. परंतु ज्वारीच्या मुळाचा आधार मिळाल्यावाचून ते वाढूच शकत नाही. या लहानशा झुडपाने ज्वारीला ओळखावे कसे, तिच्या मुळात शिरावे कसे आणि तिने निमूटपणे ते सोसावे का, या प्रश्नांची उत्तरे गेल्या काही दशकांत आनुवंशिकशास्त्राने दिली आहेत. ती उत्तरे केवळ विद्वानांच्या कुतूहलाची नाहीत. त्यांचा संबंध भाकरीशी आहे.

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारी, बमरोली आहे. एके काळचे हे गाव आज शहरात मिसळून गेले आहे. यंत्रमागांच्या आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. उधन्याहून निघणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर अशी गावे घेत जळगावला पोचतो. त्याच वाटेने माणसे मागावर आली आणि त्याच वाटेने सणासुदीला परत जातात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही खानदेशाची ओळख. ज्या कुटुंबाची दोनचार एकर कोरडवाहू जमीन अजून गावाकडे आहे, त्याच्या दृष्टीने टारफुला हा ग्रंथातला विषय नव्हे. हे तण फुलावर येण्यापूर्वी हाताने उपटावे लागते, आणि उपटणारे हात जर सुरतेस मागावर असतील तर ते रानात राहून जाते. एक झाड राहिले तरी त्यामागे हजारो बिया मातीत पडतात.

या बियांपासूनच कथेला प्रारंभ होतो. टारफुल्याचे बी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, जणू धुळीचा कण. त्यात शिदोरी जवळजवळ नसते. ज्वारीच्या दाण्याला कोंब फुटला की आठवडाभर पुरेल इतके पीठ त्याच्या गाठीला असते. टारफुल्याच्या कोंबाला मात्र काही दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर मृत्यू ठरलेला. शिवाय ते मूळ काही मिलिमीटरांच्या आतच असावे लागते. म्हणून हे बी घाई करीत नाही. पाऊस पडला, ऊब मिळाली, तरी ते उगवत नाही. केवळ उगवण्यास सिद्ध होऊन स्वस्थ बसते. यजमान जवळ आल्याची खूण पटेपर्यंत ते दहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ मातीत वाट पाहू शकते.

ही खूण कोणती, याचा शोध एका अनपेक्षित ठिकाणी लागला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांत मक्याच्या शेतांत टारफुला आढळला आणि तेथील सरकार खडबडून जागे झाले. त्या चळवळीत जे संशोधन झाले त्यातून १९६६ मध्ये कुक, वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतून पाझरणारे एक द्रव्य वेगळे काढले. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे स्ट्रायगा या शब्दावरून, त्याला स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. नवलाची गोष्ट अशी की, हे द्रव्य ज्वारीच्या अथवा मक्याच्या नव्हे, तर कपाशीच्या मुळांतून मिळाले. कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. तिच्या हाकेने बी उगवते आणि आधार न मिळाल्यामुळे मरते. ज्वारीनंतर कापूस आणि कापसानंतर ज्वारी अशी फेरपालट करणारा शेतकरी न कळत चोराला खोटा निरोप धाडून घराबाहेर काढीत होता, असा याचा अर्थ होतो.

मग ज्वारीने, अथवा कपाशीने, आपल्याच शत्रूला बोलावणारे द्रव्य पाझरावे का? या कोड्याचे उत्तर मिळण्यास आणखी एकोणचाळीस वर्षे लागली. २००५ मध्ये आकियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, हा निरोप मुळात शत्रूसाठी नसून मित्रासाठी आहे. जमिनीत एक प्रकारची उपकारक बुरशी असते. ती मुळांशी सोयरीक करते, आपले सूक्ष्म तंतू दूरवर पसरून मातीतील स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेते. स्ट्रायगॉलच्या कुळातील द्रव्यांनी या बुरशीच्या तंतूंना फाटे फुटतात आणि ती मुळाकडे येते. पुढे २००८ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांना असे आढळले की, हीच द्रव्ये झाडाच्या अंगात संप्रेरकाचेही काम करतात; खोडाला किती फांद्या फुटाव्यात हे ती ठरवितात. टारफुल्याने काय केले, तर मित्रासाठी मारलेली हाक चोरून ऐकली.

येथे एक कटू सत्य दडलेले आहे. जमिनीत स्फुरद जितका कमी, तितकी झाडाला बुरशीची गरज अधिक. म्हणून हाकही तितकीच मोठी. साहजिकच हलक्या आणि कसदारपणा गमावलेल्या रानातील ज्वारी टारफुल्याला सर्वांत अधिक बोलावते. ज्याच्याजवळ खताला पैसा नाही त्याच्याच शेतात चोर प्रथम शिरतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

आता चोराचा कान पाहू. सर्वसाधारण वनस्पतींत एक जुने जनुक असते. त्याच्या आज्ञेने तयार होणारे प्रथिन धुरातील काही द्रव्ये ओळखते. वणवा लागून गेल्यावर काही वनस्पतींची निजलेली बीजे जागी होतात, त्यामागे ही योजना आहे. परोपजीवी वनस्पतींच्या पूर्वजांत या जनुकाच्या प्रती निघत गेल्या. एखाद्या दस्तऐवजाच्या अनेक नकला असल्या म्हणजे मूळ प्रत जपून ठेवून नकलेवर खाडाखोड करता येते. निसर्गाने तेच केले. एका प्रतीने जुने काम चालू ठेवले आणि बाकीच्या प्रती बदलत बदलत धुराऐवजी स्ट्रायगॉलच्या कुळातील द्रव्ये ओळखू लागल्या. आफ्रिकेत ज्वारीचा विध्वंस करणारा जो टारफुल्याचा थोरला भाऊबंद आहे, त्याच्यात अशा अकरा प्रती मोजण्यात आल्या आहेत. २०१५ मध्ये जपान, कॅनडा आणि अमेरिका येथील संशोधनांतून या प्रतींचे कार्य उघड झाले. त्यांपैकी एक प्रत इतकी तल्लख निघाली की, एका लिटर पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके द्रव्य असले तरी तिला ते पुरते. हे जनुक प्रयोगशाळेतील एका निरुपद्रवी वनस्पतीत घातले तेव्हा तिचे बीही त्या हाकेला ओ देऊ लागले.

कोंब फुटला, मूळ सापडले, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होतो. ज्वारीच्या मुळाच्या सालीतून काही साधी द्रव्ये सुटतात. त्यांतील एक १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ओळखले. त्याचा स्पर्श होताच टारफुल्याच्या कोवळ्या मुळाचे टोक लांबणे थांबवून फुगते, त्याला चिकट केस फुटतात आणि त्याचे शोषकमूळ बनते. शोषकमूळ ही परोपजीवी जीवनाची किल्ली होय. ते यजमानाच्या पेशींमधून वाट काढीत आत जाते आणि पाणी वाहणाऱ्या नलिकांना जाऊन भिडते. यासाठी लागणारी जनुके बहुतांशी नवी नाहीत. बाजूची मुळे फुटताना, पेशींच्या भिंती सैल होताना जी जनुके प्रत्येक वनस्पतीत काम करतात, तीच येथे नव्या वेळी आणि नव्या जागी कामाला लावलेली आढळतात. २०१९ मध्ये टारफुल्याच्या संपूर्ण आनुवंशिक संहितेचे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली. सुताराची पटाशी चोराच्या हाती गेली तर ती घरफोडीचे हत्यार होते. पटाशी मात्र तीच असते.

पाणी आपल्याकडे ओढून घेण्यासाठीही टारफुल्याने असाच एक फेरफार केला आहे. ऊन वाढले आणि ओल कमी झाली की सामान्य झाड एका संप्रेरकाच्या आज्ञेने पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेते आणि पाणी वाचविते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी आफ्रिकेतील टारफुल्यात असे एक जनुक दाखवून दिले की, ज्याच्यातील बदलामुळे ही आज्ञा त्याच्या पानांना ऐकूच जात नाही. भर उन्हात ज्वारी आपली रंध्रे मिटून काटकसर करीत असते आणि चोराची पाने उघडी राहून पाणी खेचीत असतात. ओलीच्या रानातही टारफुल्याने धरलेली ज्वारी सुकल्यासारखी का दिसते, याचा उलगडा यावरून होतो. शिवाय तण जमिनीवर दिसू लागण्यापूर्वी कित्येक आठवडे हे शोषण चाललेले असते. शेतकऱ्याला चोर दिसतो तेव्हा घर निम्मे धुतले गेलेले असते.

इतक्या निकट सहवासात दोन जीवांमधील आनुवंशिक मर्यादाही ढळू लागतात. टारफुला द्विदल कुळातला, ज्वारी एकदल. दोहोंची वंशावळ कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. असे असूनही २०१० मध्ये आफ्रिकेतील टारफुल्यात एक जनुक सापडले, जे त्याच्या स्वतःच्या गोतावळ्यात नसून ज्वारीच्या जनुकाशी जुळणारे होते. अन्नपाण्याबरोबर यजमानाचे जनुकही चोरीस गेले होते. अमरवेलीत तर अशी शंभरांहून अधिक जनुके मोजली गेली आहेत. आणि देवघेव एका बाजूची नाही. अमरवेल आपल्या शोषकमुळांतून अतिसूक्ष्म रेणू यजमानाच्या पेशींत सोडते आणि ते रेणू यजमानाच्या संरक्षक जनुकांचा आवाज बंद करतात, असे २०१८ मध्ये सिद्ध झाले. पहारेकऱ्याला गुंगीचे औषध देऊन घरात शिरण्याची ही रीत होय.

यजमान मात्र अगदीच असहाय नाही. टोमॅटोच्या झाडात अमरवेलीच्या एका जातीची चाहूल घेणारे प्रथिन असते आणि त्याच्या इशाऱ्याने झाड आपली साल कठीण करून तिला बाहेर रोखते. त्याचे जनुक २०१६ मध्ये ओळखले गेले. ज्वारीतही अशा प्रतिकाराच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा दिसतात. एन-१३ या भारतीय जातीच्या मुळांत आतील पेशींच्या भिंती जाड असतात, त्यामुळे शोषकमूळ वाटेतच अडते. ही झाली दाराला भक्कम कडी. दुसरी तऱ्हा अधिक चतुर आहे. ज्वारीच्या काही जातींच्या सान्निध्यात टारफुल्याचे बी उगवतच नाही. मूळचे इथिओपियाचे आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात कार्य करणारे गेबिसा एजेटा यांनी या गुणाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. टारफुल्याला न जुमानणाऱ्या ज्वारीच्या जाती आफ्रिकेतील शेतकऱ्यांपर्यंत पोचविल्याबद्दल त्यांना २००९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. या गुणामागील जनुक त्यांच्या गटाने २०१७ मध्ये निश्चित केले. ते जनुक निकामी झाले की ज्वारीची हाक बंद होत नाही, फक्त तिचा उच्चार बदलतो. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याच्या रेणूची रचना थोडी वेगळी होते आणि चोराच्या कानाला ती नीटशी ऐकू येत नाही.

येथवर आल्यावर प्रश्न सुटलाच, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे ते नाही. सूर्यफुलाचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. रुमानियातील संशोधकांनी १९८० मध्ये सूर्यफुलावरील बंबाखूचे पाच वंश वेगळे केले आणि त्यांना अडविणारी सूर्यफुलातील पाच जनुके दाखवून दिली. प्रत्येक नव्या कुलपाला काही काळाने नवी किल्ली निघत गेली होती; पुढे सहावा वंशही उपजला. एकाच जनुकावर विसंबून राहिलेले पीक आज ना उद्या फसते. टारफुल्याच्या एका झाडाला हजारो बिया, आणि एका शेतात कोट्यवधी. त्यांतील एखादीचा कान बदललेला उच्चार ओळखण्याइतका वेगळा असणे अशक्य नाही, आणि तेवढी एक पुढच्या पिढीला पुरते. शिवाय हाकेत केलेला बदल मित्रालाही ऐकू जातो. बुरशीशी असलेले सख्य आणि पिकाची वाढ यांवर त्याचा परिणाम काय होईल, हे प्रत्येक मातीत पारखूनच घ्यावे लागते.

अधिक धान्याच्या मागे लागताना या गुणांचा विसर पडला तर काय होते, याचा अनुभव भारताने घेतला आहे. १९६४ मध्ये प्रसृत झालेली सी. एस. एच.-१ ही भारतातील ज्वारीची पहिली संकरित जात. तिने उत्पन्न वाढविले. परंतु टारफुल्याला ती सहज बळी पडणारी ठरली. पुढे प्रतिकाराची पारख करताना हिचीच लागवड तुलनेसाठी होऊ लागली. उत्पन्नाचे जनुक आणि संरक्षणाचे जनुक ही दोन्ही एकाच दाण्यात आणणे, आणि संरक्षणासाठी एकाऐवजी दोन निरनिराळ्या तऱ्हा, म्हणजे बदललेला उच्चार आणि जाड भिंत, एकत्र गुंफणे, हे संकरकारांपुढचे खरे काम आहे. बमरोलीपासून फार दूर नसलेल्या सुरतेच्या अठवा प्रक्षेत्रावर ज्वारी आणि कापूस या दोन्ही पिकांची संशोधन केंद्रे आहेत. कपाशीची जगातील पहिली व्यापारी संकरित जात, एच-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये सुरतेसच सिद्ध केली. ज्या दोन पिकांच्या मुळांनी टारफुल्याचे रहस्य उघड करण्यास हातभार लावला, ती एकाच नगरात शेजारी नांदत आहेत.

नवे बी शेतकऱ्याच्या हाती येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आनुवंशिकशास्त्राने जुन्याच उपायांना नवा अर्थ दिला आहे, हा लाभही लहान नव्हे. अमेरिकेने चार लाखांहून अधिक एकर बाधित जमीन टारफुल्यापासून जवळजवळ मुक्त केली, ती जमिनीत एथिलीन वायू सोडून; त्या वायूनेही बी फसून उगवते आणि मरते. हा खर्च खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याला पेलणारा नाही. परंतु तेच काम कपाशीची फेरपालट सावकाश करते. शेणखत आणि स्फुरद मिळालेल्या रानात हाक मंदावते. आणि फुलावर येण्यापूर्वी उपटलेले प्रत्येक झाड पुढील दहा वर्षांच्या ठेव्यातून हजारो बिया कमी करते. यातील कोणताही एक उपाय एकट्याने पुरेसा नाही. तिन्ही मिळून मात्र मातीतील शत्रूची शिल्लक वर्षावर्षाला घटत जाते.

उपटण्याचे काम तेवढे हातांवाचून होत नाही. श्रावण-भाद्रपदात, ज्वारी गुडघ्याच्या वर आली असता, हे हिरवे झुडूप ओळींतून डोके काढते. सुरतेहून चार दिवसांच्या रजेवर गावी आलेल्या माणसाने त्या वेळी शेतात एक फेरी मारली, दिसेल ते झाड मुळासकट काढले आणि बांधावर न टाकता जाळून टाकले, तर त्याने शास्त्रज्ञांच्या सर्व सिद्धान्तांचे सार आचरणात आणले असे होईल. चोराचा कान कितीही तीक्ष्ण असो. मातीत ऐकणारे बीच उरले नाही तर ज्वारीने आपल्या मित्राला खुशाल हाक मारावी.